बागेचे कुलूप आणि बागेचा हिशेब

गावात पार असतो. पाणवठा असतो. देवळापुढे पटांगण असते. शाळेमागे पोरांना खेळायला मोकळी जागा असते. या जागा कोणाच्या? विचारले, तर जो तो म्हणतो, "सगळ्यांच्या." पण पारावरचा कचरा कोणी काढायचा, असे विचारले की जो तो दुसऱ्याकडे पाहतो. जी वस्तू सगळ्यांची, ती कोणाचीच नाही, असे होऊन बसते.

शहरात हीच गत बागेची होते. बाग नगरपालिकेची असो की सरकारची, ती लोकांच्या पैशाने चालते. माळी हवा, राखणदार हवा, पाणी हवे, झाडलोट हवी. सगळ्याला पैसा लागतो. सरकारच्या तिजोरीत पैसा कमी झाला, की कात्री हाती घेतात. आणि ती कात्री पुष्कळ वेळा आधी अशा जागांवर चालते. बाग काही तक्रार घेऊन कचेरीत येत नाही.

अशी कात्री चालली, तेव्हा एका ठिकाणच्या लोकांनी काय केले, त्याची हकिगत आज आपण वाचणार आहोत. ही हकिगत खरी आहे. ती आपल्याकडची नाही, दूर अमेरिकेतली आहे. पण वाचताना आपला पार आणि आपले पटांगण डोळ्यांपुढे ठेवा. मग ती परकी वाटणार नाही.

१. एका मजुराची जमीन

आपल्या देशात जशी राज्ये आहेत, तशी अमेरिकेतही आहेत. तिथे पश्चिमेला, समुद्राच्या काठी, कॅलिफोर्निया नावाचे मोठे राज्य आहे. त्या राज्यात सोनोमा नावाचे खोरे आहे. त्याला 'चंद्राचे खोरे' असेही म्हणतात. हा द्राक्षाच्या मळ्यांचा मुलूख. आपल्या नाशिककडचा शेतकरी तिथे गेला, तर वेलींचे मांडव पाहून त्याला घरची आठवण येईल.

या खोऱ्यात ग्लेन एलन नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरउतारावर जॅक लंडन नावाचा लेखक राहत असे. त्याचा जन्म १८७६ सालचा. घरची गरिबी. चौदाएक वर्षांचा असताना तो फळे-भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसभर काम करायचे आणि हातात चार पैसे पडायचे. पुढे त्याने कोळसा ओढला, कपडे धुण्याच्या कारखान्यात काम केले, जहाजावर खलाशी झाला.

मग हा मजूर लेखक कसा झाला? वाचनाने झाला. ओकलंड शहरात सार्वजनिक वाचनालय होते. तिथे पुस्तके फुकट वाचायला मिळत. हा पोरगा तिथे जाऊ लागला. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंचे नाव ईना कूलब्रिथ. त्या स्वतः कवयित्री होत्या. त्यांनी या पोराला हुसकले नाही. उलट चांगली पुस्तके त्याच्या हाती दिली. जॅक लंडनने हे उपकार जन्मभर मानले. पाहा, सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या एका जागेने एका मजुराचा लेखक केला. ते दार त्या वेळी बंद असते, तर?

पुढे त्याची पुस्तके खपली. पैसा आला. १९०५ सालापासून त्याने ग्लेन एलनजवळ जमीन घ्यायला सुरुवात केली. जमिनीचा कस गेलेला होता. पावसाने उतारावरची माती वाहून जात होती. १९०४ साली बातमीदार म्हणून तो कोरियात गेला होता. तिथे डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेती त्याने पाहिली होती. तशाच ताली त्याने आपल्या उतारावर घातल्या. शेणखत घातले, हिरवळीचे खत गाडले. डुकरांसाठी त्याने एक गोल दगडी गोठा बांधला. मधोमध खाद्याची कोठी आणि भोवती कप्पे. त्यामुळे एकच गडी सगळ्या डुकरांना खाणे घालू शके.

१९१६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, जॅक लंडन त्याच मळ्यावर वारला. त्याची बायको चार्मियन १९५५ पर्यंत हयात होती. पुढे १९६० च्या सुमारास ही जागा राज्य सरकारच्या ताब्यात आली. सरकारने तिची सार्वजनिक बाग केली. पुढे भर पडत गेली आणि आता ही बाग सुमारे १४०० एकरांची आहे. बाग म्हणजे नुसती फुलझाडे नव्हेत. तिथे राई आहे, तळे आहे, डोंगरात जाणाऱ्या पायवाटा आहेत. लेखकाचे घर आहे, तो गोल गोठा आहे आणि त्याची समाधी आहे. सुटीच्या दिवशी माणसे पोरेबाळे घेऊन येतात. कोणी चालतो, कोणी झाडाखाली बसतो, कोणी शिदोरी सोडतो.

२. सत्तर बागांची यादी

२००८ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. माणसांचे रोजगार गेले. घरे कर्जात बुडाली. लोकांची कमाई घटली, म्हणून सरकारचा करही घटला. कॅलिफोर्निया सरकारला खर्च भागेना.

या राज्यात सरकारी बागा पावणेतीनशेहून जास्त. त्यांत जंगले आहेत, समुद्रकिनारे आहेत, जुनी ऐतिहासिक घरे आहेत. २००९ साली गव्हर्नरांनी सुचवले, की यांतल्या २२० बंद कराव्या. गव्हर्नर म्हणजे राज्याचा प्रमुख. तिथे तो लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि त्याच्या हाती आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार असतो. लोकांनी ओरड केली. तेवढ्यापुरते बंद करणे टळले. पण बागांचा पैसा कमी झाला. कुठे काही दिवस दार बंद, कुठे माणसे कमी, असे सुरू झाले.

२०१० सालच्या नोव्हेंबरात लोकांपुढे एक प्रश्न मतदानाला ठेवला गेला. प्रत्येक गाडीमागे वर्षाला १८ डॉलर जादा द्यायचे. डॉलर हे अमेरिकेचे चलन. त्या पैशावर बागा चालतील आणि गाडीवाल्यांना बागेत फुकट जाता येईल. तिथे बहुतेकांकडे गाड्या आहेत. तेव्हा पैसा चांगला जमला असता. पण लोकांनी 'नको' म्हणून मत दिले. दिवस मंदीचे होते. नवा कर कोणालाच नको होता. बाग हवी, पण पैसा द्यायची वेळ आली की हात आखडतो. हे काही अमेरिकेतच होते असे नाही, नाही का?

मग मे २०११ मध्ये सरकारने यादी जाहीर केली. २७८ बागांपैकी ७० बागा बंद करायच्या. म्हणजे चारांतली एक. मुदत दिली १ जुलै २०१२ पर्यंत. त्या यादीत जॅक लंडनची बाग होती.

या सत्तर बागांना कुलपे लावून किती पैसा वाचणार होता? सरकार म्हणाले, पुढे दर वर्षी २ कोटी २० लाख डॉलर. आकडा मोठा वाटतो. पण त्या वर्षी राज्याची एकूण तूट किती होती? सुमारे २५०० कोटी डॉलर. आता आपण हिशेब करू. घरात हजार रुपयांची तूट आहे. ती भरून काढायला आपण पोरांची खेळायची जागा विकली. हातात किती आले? एक रुपयासुद्धा पुरा नाही! वाचवायचे होते ते इतकेच.

मोठा आकडा कानावर आला, की लगेच भ्यायचे नाही. तो आकडा कशाच्या शेजारी ठेवायचा, हे शिकावे. एकटा आकडा फसवतो. दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, की तो खरे बोलतो.

३. कुलपाचाही खर्च असतो

कुणी म्हणेल, "रुपया तर रुपया. बंद केली बाग, की खर्च थांबला." खरंच थांबतो का? एक उदाहरण पाहू.

याच राज्याच्या वाळवंटी भागात मिचेल नावाच्या गुहा आहेत. चुनखडीच्या गुहा, आत दगडाचे झुंबरासारखे आकार लोंबतात. तीही सरकारी बाग होती. तिथली जुनी माणसे निवृत्त झाली, पाण्याची व्यवस्था बिघडली आणि २०११ च्या सुरुवातीला ती बंद झाली. राखण करायला कोणी उरले नाही. मग काय व्हायचे ते झाले. चोर आले. त्यांनी तांब्याच्या तारा काढून नेल्या, इमारतींची मोडतोड केली. नंतर सगळी दुरुस्ती करून ती जागा लोकांना पुन्हा उघडी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. सहा वर्षांहून जास्त काळ गेला.

ओसाड घराचे आपल्याकडे काय होते, ते तुम्ही पाहिले आहेच. माणूस राहत असला, की घर टिकते. दार लावून गेला, की पहिल्या पावसात कौले सरकतात, दुसऱ्या पावसात भिंत खचते, तिसऱ्या वर्षी वासे नाहीसे होतात. बागेचेही तसेच आहे. लोकांची ये-जा ही बागेची निम्मी राखण असते. वणवा लागला, तर पहिल्यांदा दिसतो तो चालणाऱ्यालाच.

आणि बाग बंद झाल्याने गावाचेही नुकसान होते. बाग पाहायला येणारा माणूस गावात जेवतो, चहा घेतो, काहीबाही विकत घेतो. बागेला कुलूप लागले, की गावच्या दुकानाची विक्री कमी होते. हा तोटा सरकारच्या वहीत कुठे लिहिलेला नसतो. पण दुकानदाराच्या वहीत तो दिसतो.

४. लोक पुढे आले

जॅक लंडनच्या बागेशी जोडलेली एक लोकांची संस्था पूर्वीपासून होती. बागेत येणाऱ्यांना माहिती सांगावी, कामात हातभार लावावा, असे तिचे काम होते. यादीत बागेचे नाव आले, तेव्हा या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला. आपण इतके दिवस मदत केली. आता सगळा भार उचलता येईल का?

आधी कायद्याची अडचण होती. सरकारी बाग लोकांच्या संस्थेने पूर्णपणे चालवावी, अशी सोय नव्हती. २०११ च्या ऑक्टोबरात त्यासाठी नवा कायदा झाला. जी संस्था नफा कमावत नाही, तिला अशी बाग चालवायला देता येईल, असे त्यात ठरले. पण अटी घातल्या. त्या अटी नीट वाचण्यासारख्या आहेत.

जमीन सरकारचीच राहील, म्हणजे लोकांचीच राहील. ती विकता येणार नाही.

बागेत जमलेला पैसा त्याच बागेवर खर्च करायचा.

दर वर्षी कामाचा अहवाल आणि हिशेब द्यायचा. तो सगळ्यांना पाहायला मिळाला पाहिजे.

आणि वर्षातून एकदा, संस्थेने आणि सरकारी अधिकाऱ्याने मिळून लोकांची सभा घ्यायची. त्या सभेत अहवालावर चर्चा व्हायची.

आपल्या ग्रामसभेची आठवण झाली ना?

मे २०१२ मध्ये त्या संस्थेने जॅक लंडनची बाग चालवायला घेतली. कॅलिफोर्नियातली सरकारी बाग संपूर्णपणे लोकांच्या संस्थेने चालवायला घेतली, ती हीच पहिली. काम सोपे नव्हते. गेटावर गाडीमागे फी घ्यायची. संडास झाडायचे. पायवाटा दुरुस्त करायच्या. पडलेले झाड तोडून बाजूला करायचे. जुन्या घरांची छपरे गळणार नाहीत, हे पाहायचे. विम्याचा हप्ता भरायचा. काही पगारी माणसे ठेवली. पण बरेच काम स्वयंसेवकांनी केले. म्हणजे ज्याला आपण श्रमदान म्हणतो ते. कोणी वाटाड्या झाला. कोणी घोड्यावर बसून गस्त घालू लागला. कोणी कुदळ-फावडे घेऊन वाटेवर उतरला. एका नाटकमंडळीने तिथल्या जुन्या पडक्या भिंतींमध्ये, उघड्या आभाळाखाली, गाण्याचे कार्यक्रम केले आणि तिकिटाचा काही भाग बागेला दिला.

त्याच खोऱ्यातली शुगरलोफ नावाची दुसरी बागही २०१२ मध्ये लोकांच्या संस्थांनी मिळून उचलली. आणखी एका मोठ्या बागेसाठी लोकांनी निधी उभा केला आणि पगार सरकारी माणसांना त्या निधीतून मिळू लागला. कुठे शहराच्या पालिकेने भार घेतला, कुठे दानशूर माणसाने पैसा दिला. १ जुलै २०१२ उजाडला. सत्तरपैकी जवळजवळ सगळ्या बागा उघड्या राहिल्या.

गोष्ट इथे संपली असती, तर आम्ही लिहिले असते, "श्रमदान करा, म्हणजे सगळे सुरळीत होईल." पण गोष्ट इथे संपत नाही. खरा धडा पुढेच आहे.

५. वहीत न दाखवलेले पैसे

मुदत संपून तीन आठवडेही झाले नव्हते. जुलै २०१२ मध्ये एक बातमी फुटली. बागांच्या खात्याकडे पैसा शिल्लक होता! थोडाथोडका नव्हे, सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर. खात्याचे दोन निधी होते. बागांच्या निधीत सुमारे २ कोटी आणि गाड्या फिरवायच्या रानवाटांच्या निधीत सुमारे ३ कोटी ३५ लाख. हा पैसा खात्याने वरच्या कचेरीला दाखवलाच नव्हता. आणि ही लपवाछपवी दहाहून अधिक वर्षे चालली होती.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बागा बंद करून वाचवायचे होते वर्षाला २ कोटी २० लाख. बागांच्या निधीत न दाखवलेले होते सुमारे २ कोटी. म्हणजे ज्या पैशासाठी कुलपे लावायची भाषा झाली, जवळजवळ तेवढाच पैसा त्याच खात्याच्या पेटीत पडून होता.

खात्याच्या प्रमुख बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला काढून टाकले. पैसा कोणी खाल्ला होता काय? तसे नाही. तो पेटीतच होता. मग लपवला कशासाठी? पुढे चौकशी झाली. त्या चौकशीचा निष्कर्ष जानेवारी २०१३ मध्ये बाहेर आला. शिल्लक दिसली, तर वरून मिळणारी रक्कम आणखी कापतील, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. आधी हिशेबातली तफावत होती. मग ती माहीत असूनही दडवून ठेवली. एक खोटा आकडा झाकायला दर वर्षी पुन्हा तोच खोटा आकडा लिहावा लागला.

विचार करा, लोकांना काय वाटले असेल! पोरांनी खाऊचे पैसे दिले असतील, म्हाताऱ्यांनी पेन्शनीतले दिले असतील, कोणी रविवारचा दिवस मोडून फावडे मारले असेल. आणि पेटीत पैसा होता! पुष्कळ जण संतापले. काहींनी दिलेली वर्गणी परत मागितली. पुन्हा कोणी पैसे मागायला आले, तर दार उघडायचे की नाही, असा प्रश्न पडला. विश्वासाला तडा गेला, की तो सांधायला फार दिवस लागतात.

आणखी एक गोष्ट उघड झाली. सरकारी हिशेब तपासनिसांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसले, की एकेका बागेवर किती खर्च होतो, याची नोंदच खात्याकडे नव्हती. बाग बंद केल्याने किती वाचेल, हे बागवार सांगता येत नव्हते. तरीही सत्तर नावांची यादी काढली होती! आपल्या घरातली बाई सुद्धा तेलावर किती, मिठावर किती, हे सांगू शकते. आणि तिच्या हाताखाली काही हजार माणसे नसतात.

६. मग पुढे काय झाले?

लोकांनी रागाने बागा सोडून दिल्या का? नाही. इथेच त्यांचे शहाणपण दिसते. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. खात्याने खोटे केले, त्याचा जाब खात्याला. पण बाग काही खोटी नव्हती. झाडांनी काही लपवले नव्हते.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. दोन वर्षे एकही सरकारी बाग बंद करायची नाही, असे ठरले. सापडलेला पैसा बागांसाठीच वापरायचा. त्यातला एक भाग असा ठेवला, की लोकांनी जेवढे जमवले, तेवढे सरकारने घालायचे. जिथे लोकांनी हात दिला होता, तिथे सरकारचा हातही आला.

जॅक लंडनची बाग चालवणाऱ्या संस्थेने काम सोडले नाही. पहिल्या कराराची मुदत संपली, तेव्हा करार पुन्हा झाला. बाग उघडी राहिली.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. सोनोमाचे खोरे सुखवस्तू आहे. तिथे द्राक्षाचे मोठे मळे आहेत, फावला वेळ असलेली निवृत्त माणसे आहेत. त्यांना वर्गणी जमवता आली. पण जिथे लोकच हातावर पोट भरतात, तिथल्या बागेचे काय? तिथे लाखाची वर्गणी कोण देणार? म्हणून 'लोक करतील' असे म्हणून सरकारने अंग काढून घ्यावे, हे बरोबर नाही. तसे झाले, तर श्रीमंताच्या दारची बाग हिरवी राहील आणि गरिबाच्या दारची वाळून जाईल. खरे तर गरिबालाच सार्वजनिक बागेची गरज जास्त. श्रीमंताच्या घरी स्वतःची बाग असते. कारखान्यात राबणाऱ्या त्या पोराला सार्वजनिक वाचनालयच होते, दुसरे काही नव्हते.

७. आपण काय घ्यायचे?

या हकिगतीतून आम्हाला दोन कामे दिसतात. एक हाताचे, एक डोळ्याचे.

हाताचे काम म्हणजे श्रमदान आणि वर्गणी. जागा आपली, तर झाडूही आपला. ज्या जागेवर माणसाचा घाम पडतो, तिच्याकडे तो लक्ष ठेवतो.

डोळ्याचे काम म्हणजे हिशेब वाचणे. पैसा किती आला, किती गेला, किती उरला, हे विचारणे. विचारण्यात कोणाचा अपमान नाही. सरळ माणसाला हिशेब विचारला, तर त्याला बरेच वाटते. त्याच्यावर उगीच संशय राहत नाही.

नुसते हात असले आणि डोळे मिटलेले असले, तर कॅलिफोर्नियातल्या लोकांसारखी गत होते. आपण राबतो आणि पैसा पेटीत पडून राहतो. नुसते डोळे असले आणि हात खिशात असले, तर ओट्यावर बसून बोलणी होतात, पण पारावरचा कचरा तसाच राहतो. दोन्ही हवेत.

आता आपल्याकडे पाहू. हिशेब वाचायची सोय आपल्याला कायद्याने दिली आहे. ग्रामसभेत गावचा जमाखर्च मांडला जातो. तिथे बायकांना आणि पुरुषांना सारखाच प्रश्न विचारता येतो. तिथे उत्तर मिळाले नाही, तर २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा. दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी, असा नियम आहे. अर्जात फार लिहावे लागत नाही. "गावच्या पटांगणासाठी गेल्या तीन वर्षांत किती पैसा आला, कशावर खर्च झाला आणि किती शिल्लक आहे, ही माहिती मिळावी." एवढे पुरे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर आता कुठे अक्षरं गिरवली. आम्ही काय हिशेब वाचणार?" पण हिशेबात कठीण असे काय असते? तीन ओळी असतात. जमा, खर्च, शिल्लक. जमेतून खर्च वजा केला, की शिल्लक यावी. आली नाही, तर विचारावे, "हे कसं काय?" कॅलिफोर्नियात मोठमोठे शिकलेले लोक होते. त्यांनी तेवढेच विचारायचे राहून गेले, तेही दहा वर्षे.

कालपर्यंत आपण अंगठा उठवत होतो. कागदावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. आता आपल्याला वाचता येते. मग हे वाचन फक्त पोथीपुरते आणि बसच्या पाटीपुरते का ठेवायचे? पंचायतीच्या भिंतीवर कागद लागतो, तोही वाचावा. पटांगणात पोरे खेळतात, ते दार कधी बंद होऊ नये असे वाटत असेल, तर एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात हिशेबाचा कागद असावा.

शब्दांचे अर्थ

तूट – जमेपेक्षा खर्च जास्त झाला, म्हणजे कमी पडलेली रक्कम.
निधी – एखाद्या कामासाठी वेगळा ठेवलेला पैसा.
तफावत – दोन आकड्यांतला फरक.
हिशेब तपासनीस – जमाखर्च बरोबर आहे की नाही, हे पाहणारा अधिकारी.
करार – दोन पक्षांनी अटी घालून केलेला लेखी ठराव.

प्रश्न

१. जॅक लंडनला वाचायला पुस्तके कुठे मिळाली?
२. किती बागा बंद करायच्या ठरल्या होत्या? त्यातून वर्षाला किती पैसा वाचणार होता?
३. मिचेल गुहांची बाग बंद झाल्यावर काय झाले?
४. बाग चालवणाऱ्या संस्थेला कोणत्या अटी घातल्या? त्यांतली कोणती अट तुम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते?
५. खात्याने शिल्लक पैसा का लपवला? तुमच्या मते ते बरोबर होते का?
६. एका पटांगणासाठी वर्षात ८५० रुपये जमा झाले. झाडलोटीवर ३०० आणि कुंपणावर ४२५ रुपये खर्च झाले. वहीत शिल्लक ७५ रुपये लिहिली आहे. हिशेब बरोबर आहे का?

वर्गात करायचे काम

आपल्या गावातली सगळ्यांची म्हणून असलेली एक जागा निवडा. तिथे काय करायला हवे, ते सर्वांनी मिळून पाच ओळींत लिहा. मग तिच्यासाठी पैसा कुठून येतो, ते पुढच्या ग्रामसभेत विचारा. मिळालेले उत्तर वहीत उतरून घ्या आणि पुढच्या वेळी वर्गात वाचून दाखवा.